बाबांच्या उजव्या बाजूला

आमच्या घरातून मिरचीचा वास कधी गेलाच नाही. कापड गिरण्यांच्या संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडली नाही, आणि आई लालबागच्या एका मसालेवाल्याकडून सुक्या मिरच्यांची पोती घरी आणू लागली. बसून देठं खुडायची आणि पोतं परत नेऊन द्यायचं. दिवसभर खुडून तिच्या बोटांची आग व्हायची. ती तेलानं जात नाही, गार पाण्यानंही नाही. माझी वेणी घालताना ती हातांना फडकं गुंडाळायची, माझ्या डोळ्यांना लागू नये म्हणून. शाळेत बाकावरच्या मुली म्हणायच्या, हिचं दप्तर उघडलं की ठसका लागतो. त्या चिडवत होत्या हे खरं, पण ठसका लागायचा हेही खरं.

बाबांनी मिळेल ते केलं. हमाली केली, वरळीला एका इमारतीवर वॉचमन म्हणून उभे राहिले, मग एका कचेरीत शिपाई झाले. सकाळी पेज असायची आणि संध्याकाळीही पेजच, फक्त संध्याकाळी पाणी थोडं कमी घालून आई तिला भात म्हणायची. परळच्या चाळीतली आमची खोली एवढीशी. मधोमध एक लोखंडी कपाट आडवं लावून आम्ही तिचे दोन भाग केले होते. कपाटाच्या पुढे बाबांची कॉट, आईची चूल आणि मोरी. कपाटाच्या मागे मी, माझी पुस्तकं आणि मिरच्यांची पोती.

हे सगळं आधी सांगून टाकते, कारण मला हल्ली लोक विचारतात, तुम्ही लिहायला कुठे शिकलात. कपाटामागे शिकले. पण शिकवलं बाबांनी.

बाबा गिरणीत होते तेव्हापासून एका हौशी नाट्यमंडळात प्रॉम्प्टर होते. आमच्या आसपासच्या गिरण्यांतल्या माणसांचं मंडळ ते. पाळी संपवून तालमीला यायचे, कामगारांच्या स्पर्धांत नाटकं करायचे. गिरणी गेली, निम्मी माणसं गावाला गेली, तरी मंडळ चालू राहिलं, आणि बाबा विंगेत उभे राहत राहिले. प्रॉम्प्टर म्हणजे नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवणारा. ते नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये. बाबांचा आवाज एरवी घरात फारसा निघायचा नाही. त्यामुळे माझ्या बाबांचा खरा आवाज कोणता असं कुणी विचारलं तर मला ती कुजबुजच आठवते. स्पष्ट, कोरडी, एकही अक्षर न खाणारी.

ते कधी नट झाले नाहीत. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तोंड बघ माझा. ह्या तोंडाक पडदो आडच बरो."

नवीन नाटक आलं की ते मला समोर बसवायचे आणि सगळ्या भूमिका माझ्याकडून वाचून घ्यायचे. राजा मी, राणी मी, सावकार मी. आणि ते संहितेत पेन्सिलीनं खुणा करत जायचे. कुठे नट श्वास घेणार, कुठे प्रेक्षक हसणार म्हणून थांबावं लागणार. आणि कुठे मुद्दाम थांबायचंय, ते सगळ्यात ठळक. कारण प्रॉम्प्टरची सगळ्यात मोठी नाचक्की तीच. नटानं जीव ओतून पॉज घेतलाय, सगळं थिएटर चिडीचूप, आणि विंगेतून आवाज येतो पुढच्या वाक्याचा. असं करणाऱ्या एकाला नटानं मध्यंतरात कॉलर धरून हलवलं होतं, ही गोष्ट बाबा फार रंगवून सांगायचे.

"मग कळतं कसं बाबा? विसरलाय का थांबलाय ते?"

"नजर बघूची. इसारलेलो माणूस तुज्याकडे बघता. थांबलेलो माणूस समोरच्याकडे बघता. तुज्याकडे बघूक लागलो काय देवचा वाक्य. तोवर तोंड बंद."

एवढंच. पण मी पुढे जे काही लिहिलं ते ह्याच्यावर. माझ्या गोष्टींत माणसं कमी बोलतात असं समीक्षक म्हणतात. त्यांना ते कुठल्या कुठल्या परंपरेतलं वाटतं. मी काही बोलत नाही. आता इथे सांगून टाकलं.

मी कॉलेजला गेले. आमच्या दोन्हीकडच्या घरांत, म्हणजे आईच्या आणि बाबांच्याही, माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी अजूनही छाती काढून सांगते, कुणाला मोठेपणा वाटला तर वाटू दे. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मी मार्कशीट घेऊन घरी आले. आईनं पदराला हात पुसून ती घेतली, उलटी धरली, सुलटी केली, देवापुढे ठेवली आणि रडायला लागली. बाबा कॉटवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठून सदरा चढवला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. एक शब्द नाही. पुष्कळ वेळानं परत आले ते जेवायलाच बसले. कुठे गेले होते ते कधी कळलं नाही. विचारायचा धीर मला झाला नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

हे माझ्या मनात राहिलं. नोकरी लागली, लग्न होऊन मी शीवला राहायला गेले, पहिला कथासंग्रह आला, दुसरा आला, तरी राहिलं.

लिहिलेलं बाबांना ऐकवायची पद्धत मात्र मोडली नाही. दुपारी ऑफिसात डबा लवकर संपवून लिहायचं, आणि रविवारी सकाळी परळला जाऊन ते बाबांना वाचून दाखवायचं. तेही कसं, तर त्या जुन्या कपाटामागे उभं राहून, कुजबुजीत. समोर बसून वाचलं तर मी अभिनय करायचे, हात हलवायचे, आणि वाईट वाक्यसुद्धा खपून जायचं. कपाटाआडून काही खपत नाही. बाबा कॉटवर डोळे मिटून ऐकायचे. वाक्य तोंडात बसत नसेल तर म्हणायचे, "परत." मी परत वाचायचे. पुन्हा "परत" आलं की ते वाक्य गेलं. चांगलं झालं तर काही म्हणायचे नाहीत. आई चुलीकडून म्हणायची, "अवो, पोरीक एकदा तरी बरा म्हणा." बाबा म्हणायचे, "मी गप आसंय ना? मग?"

काही वर्षांपूर्वी दादरला एका सभागृहात आम्हा काही लेखकांना बोलावलं होतं, तुम्ही कसं लिहिता यावर गप्पा मारायला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून येऊन बसले होते. आधी एक ज्येष्ठ लेखक बोलले. फार सुंदर बोलले. त्यांना पहाट लागते, समोर समुद्र लागतो, आणि टेबलावर कागदाखेरीज दुसरं काही चालत नाही. मग एक कवयित्री म्हणाल्या की त्या कविता लिहीतच नाहीत, कविता त्यांना येऊन गाठते. मग माइक माझ्याकडे आला.

"तुमचं लिहिण्याचं टेबल कसं आहे?" सूत्रसंचालकांनी विचारलं.

"टेबल नाही. कपाट आहे."

लोक हसले. "कपाटावर लिहिता?"

"कपाटामागे उभी राहून वाचते. माझे वडील प्रॉम्प्टर होते. ते समोरच्या बाजूला बसून ऐकतात."

मग मी जरा सविस्तर सांगितलं, आणि लोकांनी मागे वळून बाबांना शोधायला सुरुवात केली. ते मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसले होते.

नंतर आम्ही बापलेक चालतच परळकडे निघालो. वाटेत एका हॉटेलात वडा घेतला. मी म्हटलं, "बाबा, कसं झालं?"

"बरा झाला. तो समुद्रवालो जरा लांबलो."

"मोठे लेखक आहेत ते."

"आसत. तेंका समुद्र लागता, तुका कपाट लागता. कपाट स्वस्त पडता." वड्याचा तुकडा चटणीत बुडवून ते तसेच धरून बसले. मग म्हणाले, "बाय, एक नाटक लिव."

"मला गोष्टी जमतात बाबा. नाटकाचं..."

"आयुष्यभर लोकांची नाटकां पुटपुटलंय. एक घरचा होवंदे. एक तरी."

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ना पैसे, ना औषध, ना गावाला ने म्हणून. हे मागितलं.

मी लिहायला घेतलं. गोष्टीत लेखकाला मध्ये बोलता येतं, नाटकात नाही. ते अंगवळणी पडायला फार वेळ गेला. पहिला अंक बाबांनी "परत, परत" करून तीनदा पाडला. नाटक आमचंच होतं, बंद गिरणीवाल्या एका घराचं. बाबांना ते कळत होतंच. आईच्या मिरच्या आल्या तेव्हा काही बोलले नाहीत. वॉचमनकीचा प्रसंग आला तेव्हा म्हणाले, "शिट्टी माजी नव्हती, सोसायटीची होती. ता लिव." दुसरा अंक उभा राहिला. तिसऱ्या अंकात मुलगी मार्कशीट घेऊन घरी येते तिथे मी येऊन थांबले.

कारण नाटकातला बाप सदरा घालून बाहेर निघून जाणार नव्हता. तो बोलणार होता. मी त्याला एक लांब स्वगत दिलं होतं. पोरीकडे बघत, पण स्वतःशीच बोलल्यासारखा तो सांगतो की गिरणीच्या दारावर कुलूप बघितलं त्या दिवशी त्याला काय वाटलं, आणि आज काय वाटतं. बाबांनी जे कधी म्हटलं नाही ते सगळं मी त्यात भरलं. आणि ते त्यांच्यापुढे वाचायची मला भीती वाटत होती. दुसऱ्या वाक्यांचं ठीक होतं. पण त्यांच्याच तोंडी मी शब्द घातले होते. ते त्यांना मान्य आहेत की नाहीत हे फक्त त्यांनाच सांगता येणार होतं. त्या एका गोष्टीसाठी मी तो अंक घासत बसले, पुन्हा पुन्हा, आणि रविवार पुढे ढकलत गेले.

तेवढ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला.

हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होते, आणि बोलणं गेलं होतं. समजत होतं सगळं. पण शब्द तोंडापर्यंत यायचे आणि तिथून परत जायचे. "हो" आणि "नाय" राहिले. आणि राग आला की "शिरा पडो" हे मात्र अख्खं, खणखणीत बाहेर पडायचं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आई रडता रडता हसली. "बघ, सगळा गेला, शिवी तेवढी ऱ्हवली."

मी सुरुवातीला तेच केलं जे सगळे करतात. बाबांनी तोंड उघडलं की मी शब्द पुरवायचे. पाणी? चहा? पंखा लावू? बाबा डावा हात असा झटकायचे की समोरचा पेला उडायचा. आई म्हणायची, "गप बस गो. तेंका बोलूंक दी." मग मला माझी शरम वाटली. ज्या माणसानं मला शिकवलं की नटानं बघितल्याशिवाय वाक्य द्यायचं नाही, त्याच्यावर मी शब्द फेकत होते. मी ठरवलं, आता त्यांची नजर बघायची. माझ्याकडे बघितलं तरच द्यायचं.

आणि शेवटी एका रविवारी मी तिसरा अंक घेऊन गेले. आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. बाबा कॉटवर उशीला टेकून बसले होते. त्यांच्या डावीकडे चुलीपाशी आई मेथी निवडत होती. उजवीकडे कपाट. मी मागे जाऊन उभी राहिले आणि वाचायला लागले. त्या अंकात मी स्वतःला एकदाही अडखळू दिलं नाही. स्वगतही त्याच कुजबुजीत वाचलं.

अंक संपला. मी बाहेर आले आणि कपाटाला टेकून उभी राहिले.

बाबांनी तोंड उघडलं होतं. ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठ झाली होती. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं यात मला शंका नव्हती. मी नजर बघितली. ते आईकडे बघत होते. आईनं विचारायला तोंड उघडलं तशी मी हातानं खूण करून तिला थांबवलं. माझ्या मते तो पॉज होता. समोरच्याकडे बघतोय, म्हणजे विसरलेला नाही, म्हणजे तोंड घालायचं नाही. मी थांबले. आई मेथीची काडी हातात धरून थांबली. बाबांचे ओठ तसेच हलत राहिले. खाली गॅलरीत पोरं भांडत होती, त्यांचं भांडण मिटलं. मग बाबांनी तोंड मिटलं आणि डोळेही मिटून घेतले.

मी शीवला आनंदात गेले. खोटं कशाला सांगू. नवऱ्याला म्हटलं, बाबा "परत" म्हणाले नाहीत, "नाय"सुद्धा नाही. नाटक बसवणार होते त्या दिग्दर्शकांना फोन केला, अंक पास झाला म्हणून. मला वाटलं, ते आईकडे बघत होते, म्हणजे जुनं काहीतरी आठवलं असणार, दोघांचं.

त्याच आठवड्यात बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई पहिल्यांदा घरी आल्या. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन गेले होते. आई त्यांना सांगत होती की जेवण कमी झालंय, अर्धी थाळी तशीच टाकतात. बाईंनी विचारलं, "कुठली अर्धी?" आई गोंधळली. मग त्या उठल्या आणि बाबांच्या उजवीकडे जाऊन पेन हलवू लागल्या. बाबा समोर बघत होते. त्यांनी हाक मारली, तरी बाबांनी तिकडे मान वळवली नाही. डावीकडे वळवली आणि आईकडे बघत राहिले. मग बाई पेन हळूहळू समोर घेऊन आल्या, तेव्हा कुठे बाबा दचकले.

"त्यांना उजवीकडचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डोळे चांगले आहेत, पण त्या बाजूचं डोक्यापर्यंत पोचत नाही. आणि तिकडे वळून बघायचं सुचतही नाही. तुम्ही आवाज द्याल तरी ते डावीकडेच शोधतील. बोलायचं असेल तर ह्या बाजूला या."

आई म्हणाली, "म्हणान भात ऱ्हवता उजव्या अंगाचो. मी म्हटलंय भूक नाय."

मी कपाटाकडे बघत होते.

त्या रविवारी बाबा मलाच शोधत असतील. मी उजवीकडे होते. आवाज माझा होता आणि मी कुठे दिसत नव्हते. ते डावीकडे बघत होते कारण त्यांना तेवढीच बाजू राहिली होती. त्यांना शब्द हवा होता, आणि आयुष्यात एकदा शब्द देण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी त्यांनीच शिकवलेला नियम पाळत गप्प उभी होते. असं असेल. किंवा तो खरंच पॉज असेल. मला कळायला मार्ग नाही.

मी ठरवलं की येत्या रविवारी डावीकडे स्टुलावर बसून पुन्हा वाचायचं, आणि सरळ विचारायचं, बाबा, हे राहू दे का काढू? "हो" आणि "नाय" त्यांच्याकडे होतेच. पण शनिवारी दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा ते हॉस्पिटलात होते. मी डाव्या बाजूला बसले. हात धरला. स्वगत मला पाठ होतं, ते मी त्यांच्या कानाशी म्हटलं, जितकं हळू म्हणता येतं तितकं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि मिटले. त्यात हो नव्हतं आणि नाय पण नव्हतं. थोड्या दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतर दिग्दर्शक घरी आले. चहा पिता पिता म्हणाले, "ताई, ते स्वगत जरा लांब आहे. थोडं कापूया का? तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे मी अगदी दोन-चार वाक्यंच..."

"एकही नाही. ते बाबांनी ऐकलंय."

हे काही लेखनकलेचं उत्तर नाही, मला माहीत आहे. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, बाई, भावना बाजूला ठेवून वाक्य तपासा. मी तपासलंही. त्यातली काही वाक्यं सैल आहेत. तोंडात बसत नाहीत. तरी मी हात लावला नाही, कारण मी ती बदलली तर जे त्यांनी ऐकलं ते कुठेच राहणार नव्हतं.

पहिल्या प्रयोगाला आई आली. परळच्याच एका सभागृहात प्रयोग होता. ती पुढे बसली होती, नवं लुगडं नेसून, हातात रुमाल. मी तिच्या शेजारी होते. स्वगत सुरू झालं तशी ती पुढे वाकली. नटानं चांगलं म्हटलं, घाई केली नाही. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई वाजवत नव्हती.

"ते अशे कदी बोलले नसते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

 

मग तिनं रुमालानं नाक पुसलं. "पण बोलाक व्हया होता," म्हणाली. "तुज्याकडे तरी."

त्यानंतर मी नाटक लिहिलेलं नाही, आणि लिहीन असं वाटत नाही. गोष्टीसुद्धा हल्ली मनातल्या मनात वाचते. "परत" म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे सगळी वाक्यं बरीच वाटतात, आणि ते माझ्या लिखाणाला बरं नाही हे मला दिसतंय.

पण ते एक नाटक झालं. तीन अंकी, पूर्ण. त्याचे प्रयोग झाले, स्पर्धेत ते अंतिम फेरीपर्यंत गेलं, आणि आता ते पुस्तकरूपानं छापून आलं आहे. गिरणी कामगाराच्या आणि मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बाईच्या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीनं ते लिहिलं.